उघड्या हेल्मेटला काच कुठली लावावी? (चष्मेवाल्यांनी जरूर लिहा)

ठिबकराव
मंडळी, प्रश्न तसा किरकोळ, पण पंधरा दिवस डोकं खातोय म्हणून धागाच काढतो.

माझं काम ठिबक सिंचनाचं. जयसिंगपूर, नांदणी, शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी असा रोज साठ-सत्तर किलोमीटरचा फेरा. गाडी साडेतीनशे सीसीची. दर चार-पाच किलोमीटरला कुणाच्या तरी बांधावर थांबायचं. आधी पूर्ण बंद हेल्मेट होतं. प्रत्येक थांब्याला चष्मा काढा, हेल्मेट काढा, चष्मा घाला. निघताना परत तेच उलट्या क्रमाने, आणि चष्म्याच्या काड्या गालाच्या गादीतून आत खुपसा. दिवसातून पंधरा वेळा. नंबर उणे चार, त्यामुळे चष्म्याशिवाय शेतकरी कोण आणि बुजगावणं कोण हे कळत नाही. दोन महिन्यांत दोन फ्रेमा मोडल्या. शेवटी तोंड उघडं राहणारं हेल्मेट घेतलं, आयएसआयवालंच. कपाळावर तीन टिचबटणं आहेत. काच सोबत आली नाही.

दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. एक बबल, म्हणजे फुग्यासारखी पुढे आलेली. दुसरी सपाट, तोंडालगत बसणारी. तिसरी बिजागरीच्या पट्टीवर, ती वर ढकलता येते. त्यात परत पांढरी, काळी, पिवळी आणि लग्नातल्या बँडवाल्याला शोभेल अशी आरशासारखी.

मला हवंय एवढंच: चष्म्यावरून बसावी, चिलटं डोळ्यात जाऊ नयेत, आणि हंगामात रात्री परतताना उसाच्या ट्रॉल्या दिसाव्यात.

'बंद हेल्मेटच घ्या' हा सल्ला कृपया नको. कारण वर दिलंय.

फुलफेस_भक्त
बंद हेल्मेटच घ्या.

ठिबकराव
दुसरी ओळ वाचायच्या आधीच आलात का?

नानापेठी
बबल पाच वर्षं वापरली आहे, त्यामुळे लिहितो. चष्म्याला तिच्याइतकी ऐसपैस काच दुसरी नाही. नाकापासून चांगली चार बोटं लांब राहते, खालून हवा येते, त्यामुळे वाफ फार धरत नाही. शहरात चाळीस-पन्नासच्या वेगात राजासारखं वाटतं.

पण सत्तरच्या पुढे तीच काच वैरी होते. खालून वारा आत भरतो आणि अख्खं हेल्मेट मागे ओढायला लागतो. हनुवटीखालचा पट्टा गळ्याला लागतो. त्यात मागून ट्रक येतोय का बघायला मान वळवली की वारा काचेला एका बाजूने धरतो आणि डोकं त्या दिशेला फिरवतो. एकदा कात्रजच्या पुढे उतारावर डावीकडचं टिचबटण सुटलं. काच उजव्या बटणावर लोंबकळत फडफडायला लागली. गाडी बाजूला घेईपर्यंत तोंडात जीव आला होता.

तुमचा वेग किती असतो?

ठिबकराव
आतल्या रस्त्यांना चाळीस. सांगली-कोल्हापूर रस्त्याला लागलो की साठ-सत्तर. त्याच्यावर नाही, खाली दोन पोरं आणि होमलोन आहे.

टवाळ_टोणगा
नानापेठी, पुण्यात राहून डोक्याला हेल्मेट? आमच्या माहितीप्रमाणे तिथे ते कोपराला लावतात. काच घेताना कोपराच्या मापाची घ्या.

नानापेठी
२०१९च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा हेल्मेटविरोधी मोर्चात आमच्या गल्लीतले दोघं होते. दोघंही आता मुकाट्याने घालतात. एकाने तर त्यावर पुणेरी पगडीचा स्टिकर लावलाय. पुढे बोला.

प्रकाशकिरण
चष्म्याचं दुकान चालवतो, म्हणून दोन गोष्टी. आकाराच्या आधी काच कशाची आहे ते बघा.

चांगली काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका चिवट प्लॅस्टिकची असते. वाकते, दगड लागला तर खड्डा पडेल, पण शक्यतो फुटून डोळ्यात जायची नाही. वर आणखी फायदा म्हणजे ऊन्हातली अतिनील किरणं ती मुळातच बरीचशी अडवते, पांढरी असली तरी. म्हणजे 'डोळ्यांच्या संरक्षणासाठी काळी घ्या' हे दुकानदाराचं वाक्य अर्धवट खरं आहे. काळी काच डोळे दिपणं कमी करते. अतिनीलसाठी काळेपणा लागत नाही.

स्वस्तातली काच बऱ्याचदा अ‍ॅक्रेलिकची. दिसायला ती जास्त स्वच्छ दिसते, हाच घोटाळा आहे. ती कडक असते आणि फुटली की धारदार तुकडे होतात. दुकानात हळूच दोन्ही कडा जवळ आणायचा प्रयत्न करा. कुरकुरली, वाकायला तयार नसली तर ठेवून द्या. (दुकानदार ओरडला तर माझं नाव सांगू नका.)

दुसरी परीक्षा: काच हातभर लांब धरा, तिच्यातून खिडकीच्या गजाकडे बघा आणि काच सावकाश डावी-उजवीकडे हलवा. गज सरळच राहिला पाहिजे. पाण्यात पाहिल्यासारखा लवलवला तर ती काच तुमच्या उणे चारला तासाभरात डोकेदुखी देईल. बबलमध्ये हा दोष जास्त सापडतो, कारण तिला दोन्ही अंगांनी गोलाई असते. सपाट काच एकाच अंगाने वळलेली असते, तिच्यात चित्र बरंच शुद्ध येतं.

चिंगी_चष्मेवाली
प्रकाशकिरण यांना दंडवत. मला वाटायचं माझाच नंबर वाढलाय. बबल काढून टाकली आणि नंबर उतरला!

गारगोटीकर
भावा, मी पण तुझ्याच पट्ट्यातला, आता भुदरगडात असतोय. एकच सांगतो. संध्याकाळी साडेसहाला उसाच्या बाजूनं जाताना चिलटांचा जो ढग असतोय त्याला बबल बेकार. खालनं मोकळी असल्यामुळं चिलटं खालनं शिरत्यात आणि आत फिरत बसत्यात. बाहेर जायला वाटच गावत नाही त्यास्नी. एक तर नाकात गेलं. मी शिंकलो. आत शिंकलो. पुढचं लिहीत नाही.

टवाळ_टोणगा
हे काहीच नाही. आमचे एक मामा नवीन काच लावून निघाले आणि सवयीने पान थुंकले.

गारगोटीकर
पांढरी होती का काळी?

टवाळ_टोणगा
निघताना पांढरी होती.

साताऱ्याचा_पेढा
काळ्या काचेबद्दल. कोल्हापूरकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. (तेव्हा जाताना घाट, येताना बोगदा असं होतं.) एप्रिलमधलं टळटळीत ऊन, मी गडद काळी काच लावलेली. बोगद्यात शिरलो आणि पुढचं सगळं विझलं. गाडीचा स्वतःचा दिवा कुठे पडतोय ते दिसेना. नेहमीच्या हेल्मेटला काच वर ढकलली असती, पण ही टिचबटणांवरची, बिनबिजागरीची. डाव्या हाताने खालची कड धरून बाहेर ओढली आणि त्या फटीतून बघत अख्खा बोगदा काढला. मागे एसटी हॉर्न मारतेय. त्या दिवशी घरी येऊन ती काच पोरीला चित्र काढायला दिली.

सूर्य मावळेपर्यंत घरी पोचणाऱ्याने काळी घ्यावी. ठिबकराव, तुम्ही त्यातले दिसत नाही.

लीड्सकर
इकडे इंग्लंडात काचेवरच लिहिलेलं असतं. युरोपच्या नियमात ऐंशी टक्के प्रकाश आत सोडणारी काच कधीही चालते. त्याहून काळी असेल तर तिच्यावर 'फक्त दिवसा' असा शिक्का लागतो. फारच काळी लावून रस्त्यावर गेलं तर पोलीस विचारतात. म्हणून पांढरी काच डोक्यावर आणि काळी पाठीवरच्या पिशवीत जुन्या मोज्यात गुंडाळून, अशी इथल्या मंडळींची पद्धत. अर्थात लीड्समध्ये काळी काढायची वेळ वर्षातून साताठदाच येते.

चिंगी_चष्मेवाली
मोजा धुतलेला असतो ना?

लीड्सकर
सासूबाईंसारख्या शंका काढू नका.

मालवणी_खाजा
पावसाबद्दल कोणीच लिहूक नाय म्हणान लिहितंय. कणकवली ते मालवण रोजचा येणाजाणा, चार महिने धो धो. (आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.)

साठच्या वेगात उघड्या तोंडावर पाऊस म्हणजे टाचण्या. काच पाहिजेच. पण टिचबटणाच्या काचेला वर कपाळापाशी फट असते आणि पाणी तिथून आत उतरतं. मग बाहेरून थेंब, आतून ओघळ आणि चष्म्यावर वेगळे थेंब. तीन थरांतून बघायचं, त्यात समोरून येणाऱ्या डंपरचा दिवा. सगळीकडे नुसते तारे. उपाय: फटीवर जाड रबराची पट्टी चिकटवा, दाराखाली लावतात तसली. किंवा हेल्मेटला पुढे टोपीची चोच लावता येत असेल तर ती लावा, पाणी बाजूला जातं.

बाहेरचे थेंब पुसायला डाव्या हाताचं बोट पुरतं. मान जरा तिरकी केली की वाऱ्याने थेंब आपोआप कडेला सरकतात, पण त्यासाठी निदान पन्नासचा वेग हवा, आणि आमच्या हायवेवर तो मिळणं हाच योग.

सौ_स्कूटरवाली
वाफेवर घरगुती उपाय: भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, ओल्या बोटाने काचेच्या आतून पसरायचा, वाळू द्यायचा, मग मऊ कपड्याने हलकेच पुसायचं. पुसायचं म्हणजे साबण काढून टाकायचा नाही, डाग घालवायचे फक्त. सकाळी केलं की दुपारपर्यंत टिकतं. चष्म्यालाही करते. बटाट्याची फोड चोळूनही होतं, पण मग दिवसभर वास येतो आणि भूक लागते.

हेल्मेटखाली स्कार्फ नाकावरून घेत असाल तर मात्र कुठलीच काच वाचवणार नाही. श्वास सरळ वर चष्म्यावर जातो. स्कार्फ नाकाखाली ठेवा.

प्रकाशकिरण
बरोबर. साबणाने वाफ धरायची थांबत नाही, तिचे बारीक थेंब होत नाहीत. पाण्याचा सलग पातळ पापुद्रा बसतो आणि त्यातून आरपार दिसतं. बंद हेल्मेटच्या काचेला आतून जी पिनांवर बसणारी दुसरी पातळ काच मिळते ती ओल शोषून घेते, शिवाय दोन काचांमध्ये हवा कोंडलेली राहत असल्यामुळे आतली काच गार पडत नाही. पण तिला पिनांची जागा लागते. टिचबटणाच्या काचांना ती सोय सहसा नसते.

शंभरनंबरी
चरे गेले पाहिजेत तर टूथपेस्ट चोळा. एक नंबर.

प्रकाशकिरण
नका हो नका! टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपर. पॉलिकार्बोनेट मुळात मऊ, त्याला चरे पडू नयेत म्हणून वर कडक लेप दिलेला असतो. टूथपेस्टने तो लेपच निघतो. दोन दिवस चकचकीत दिसेल, तिसऱ्या दिवसापासून शर्टाच्या बाहीनेसुद्धा चरे पडतील.

शंभरनंबरी
अच्छा, म्हणून! तीन काचा घालवल्या राव.

नानापेठी
पेट्रोलनेही पुसू नका. मी नव्या काचेवरच्या स्टिकरचा चिकटा काढायला बोळा पेट्रोलमध्ये भिजवून फिरवला होता. संध्याकाळपर्यंत बटणांच्या भोकांपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरल्या. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, अमोनियावाले काच पुसायचे फवारे, सगळे त्याच जातीचे. चिलटं वाळून चिकटली असतील तर ओला कपडा दहा मिनिटं काचेवर ठेवून द्यायचा. ती मऊ होऊन आपणच निघतात. कोरडं घासायचं नाही.

तर्रीबाज
राजेहो, आमच्या नागपुरात काच चिलटांसाठी नसते, मांज्यासाठी असते. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस आन् नंतर पंधरा दिवस उड्डाणपुलावरून जाताना जीव मुठीत. नायलॉन मांज्यावर हरित लवादाची देशभर बंदी २०१७ पासून आहे, तरी गल्लोगल्ली भेटते. उघड्या हेल्मेटला काच असली तर तोंड वाचते, पण मांजा घसरत खाली येते आन् गळ्यावर बसते. म्हणून त्या महिन्यात मी गळ्याला जाड मफलर दोन वेढे आन् हँडलला तारेची कमान लावतो. काच लांब घ्या, हनुवटीच्या खाली येईल अशी. छोटी घेऊ नका.

चिंगी_चष्मेवाली
नाशिक-येवल्याकडेही हेच. आमच्याकडे तर संक्रांतीला सगळा गाव गच्चीवर. मफलरला +१.

फुलफेस_भक्त
आता जरा गंभीर लिहितो, सुरुवातीच्या एका ओळीबद्दल राग नसावा.

माझा धाकटा भाऊ उघडं हेल्मेट आणि लांब काच लावून चालला होता. कुत्रं आडवं आलं, पडला, हनुवटीवर घसरत गेला. वेग पस्तीस-चाळीस. डोक्याला काही नाही, हेल्मेटने आपलं काम केलं. काच मात्र पहिल्याच आपटीत बटणातून सुटून कुठे गेली तेही दिसलं नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला. तीन आठवडे वरचे आणि खालचे दात तारेने बांधलेले, नळीने ताक आणि पेज. त्याची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

काच म्हणजे वारा, धूळ, किडे आणि पाऊस यांच्यासाठी. तोंड झाकलं म्हणून तोंडाचं रक्षण झालं असं डोळ्यांना वाटतं, आणि तेच मला खटकतं. युरोपच्या शिक्क्यात उघड्या हेल्मेटला 'जे' असं अक्षरच वेगळं असतं, हनुवटीचं रक्षण करणाऱ्याला 'पी'. हनुवटीसकट वर उचलता येणारी हेल्मेटं येतात, त्यांतल्या काहींवर दोन्ही अक्षरं असतात. चष्मा न काढता घालता येतात. ठिबकराव, ते बघितलंत का?

ठिबकराव
राग कसला. भाऊ आता बरा आहे ना?

उचलायचं हेल्मेट बघितलं होतं, दुकानात घालूनही बघितलं. माझ्या आत्ताच्यापेक्षा चांगलंच जड. मानेचे मणके आधीच कुरकुरतात, डॉक्टरांनी वजन टाळायला सांगितलंय. पण तुमचा मुद्दा डोक्यात राहिला.

फुलफेस_भक्त
बरा आहे. लग्नाच्या फोटोत जबडा सरळ होता, आता किंचित डावीकडे. पोरगी त्याला 'वाकडे बाबा' म्हणते.

बेळगावी_कुंदा
सगळे काचेवर बोलताहेत, हेल्मेटच्या गावाचं कुणी नाव घेईना! वेगा हेल्मेट आमच्या बेळगावचं, माहीत आहे का? सीमाप्रश्न सुटो न सुटो, अर्ध्या महाराष्ट्राच्या डोक्यावर बेळगाव बसलंय.

कामाचं सांगतो. ज्यांच्या हेल्मेटला काच बाजूच्या स्क्रूवर असते त्यांनी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची काच मागावी. दुकानदार 'सगळ्यांना बसते' म्हणतो तेव्हा ती कुणालाच नीट बसत नाही. बाजूच्या प्लॅस्टिकच्या चकतीचे दाते झिजले असतील तर चकतीही बदला, नाहीतर नवी काच खड्ड्यात आपोआप खाली पडते. धाड्कन. अगदी सिग्नलला एखाद्याला नमस्कार करताना.

म्हापशेकार
आमच्या गोव्यात पायलट असतात, पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून भाडं नेतात. आमच्या स्टँडवरच्या एका जुन्या पायलटाची युक्ती: काच अजिबात नाही, डोळ्यांना मोठा पारदर्शक गॉगल, रबरी कडेचा, कारखान्यात घालतात तसला. चष्म्यावरून बसतो. काच फडफडत नाही, वारा ओढत नाही. गिऱ्हाइकाशी बोलता येतं. ठिबकरावांना शेतकऱ्यांशी बोलायचंय, त्यांना जमेल.

ठिबकराव
युक्ती छान. पण आमच्याकडे मे महिन्यात बेचाळीस अंशांत रबरी कडेचा गॉगल घातला तर डोळ्यांचं वांग्याचं भरीत होईल.

पिवळा_धमक
पिवळ्या काचेबद्दल कुणी सांगेल का? धुक्यात आणि रात्री लख्ख दिसतं म्हणतात.

प्रकाशकिरण
लख्ख *वाटतं*. पिवळी काच निळा प्रकाश कापते, त्यामुळे ढगाळ दिवशी कडा उठून दिसल्यासारख्या वाटतात. रात्री मात्र मुळातच प्रकाश कमी, त्यातला आणखी कापून काय मिळणार? रात्रीला पांढरीच.

आणि काचेच्या आत पोलराइज्ड (रस्त्यावरची चकाकी कापणारा) काळा चष्मा घालणाऱ्यांनी एकदा बघा, काचेत इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतील. काच साच्यात वळवताना तिच्यात जो ताण राहतो तो तसा दिसतो. काच खराब आहे असं नाही. गाडीचा डिजिटल मीटर अशा चष्म्यातून मान कलती करताच काळा पडतो तेही त्याच चष्म्यामुळे. आमच्याकडे एक गिऱ्हाईक मीटर बिघडला म्हणून शोरूमला दोनदा जाऊन मग चष्मा बदलायला आलं होतं.

साताऱ्याचा_पेढा
ऊन्हात आपोआप काळी होणारी काच कशी?

प्रकाशकिरण
काळी पटकन होते, पांढरी व्हायला वेळ घेते. खंबाटकीचा बोगदा तोवर संपलेला असेल.

टवाळ_टोणगा
पेढेवाल्यांचा बोगदा काही सुटत नाही.

नानापेठी
मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन बटणांची काच घेताना एक करा. बटणांमधलं अंतर सगळीकडे एकच असतं असं समजू नका. हेल्मेटवर कागद ठेवून तीनही बटणांवर अंगठ्याने दाबा, ठसे उमटतील. तो कागद दुकानात न्या, किंवा सरळ हेल्मेटच घेऊन जा. ओढूनताणून बसवलेली काच बटणापाशीच तडकते. बिजागरीची पट्टी घेणार असाल तर वर-खाली करताना दोन्ही बाजूंना सारखी घट्ट आहे का ते बघा. आणि काच वर करून वेगात जाऊ नका, ती शिडासारखी वारा धरते.

ठिबकराव
मंडळी, तीन आठवड्यांनी हजर. सगळ्यांचं वाचून लगेचच्या शनिवारी कागदासकट सांगलीला गेलो.

आधी बबल लावून आरशात बघितलं. बायको म्हणाली, अंतराळात ठिबक टाकायला चाललात का? ती तिथेच बाद. तरी प्रकाशकिरणांची गजाची परीक्षा घेतली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, त्याच्या आडव्या रेघा बबलमधून चक्क लाटांसारख्या दिसल्या. सपाट काचेत सरळ. पण नुसती सपाट लावली तर चष्म्याच्या फ्रेमला टेकत होती, प्रत्येक खड्ड्याला टक्-टक्. बिजागरीच्या पट्टीमुळे तीच काच अर्धा इंच पुढे आली आणि प्रश्न मिटला. काच लांब, हनुवटीखाली दोन बोटं. पांढरी. काच आणि पट्टी मिळून साडेआठशेला पडली. चरे पडणारच म्हणून वर आणखी एक पांढरी काच घेऊन ठेवली. दिवसा ऊन्हासाठी चष्म्यावर अडकवायची काळी जोड-काच घेतली, ती खिशात मावते.

आता तीन आठवड्यांचा अनुभव. शेतकरी हाक मारतो, काच वर, बोलणं, काच खाली. चष्मा जागचा हलत नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी पट्टी शोधणाऱ्याच्या पाया पडेन. पासष्टपर्यंत काही त्रास नाही, सत्तरला खालची कड थरथरते. पहिल्या आठवड्यात उजवं बटण सैल वाटलं, पट्टीच्या आतून पातळ रबरी वायसर घातल्यावर घट्ट बसलं. वायसर ठिबकच्या ग्रोमेटमधून (नळी बसवायच्या रबरी कड्यातून) कापलं. धंद्याचा काहीतरी उपयोग.

चिलटं अजून येतात, पण गारगोटीकर म्हणाले तशी आत कोंडली तर काच वर करून त्यांना उतरवून देतो.

परवा नांदणीच्या अलीकडे रात्री नऊला डबल ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पाचट लोंबत होतं फक्त. माझ्या दिव्यात ते पाचट हललेलं दिसलं आणि ब्रेक लागला. काळी काच असती तर हा प्रतिसाद दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता. पेढेवाल्यांचा बोगदा आठवला.

साताऱ्याचा_पेढा
बघा. हसत होते सगळे.

सौ_स्कूटरवाली
बापरे. त्या ट्रॉल्यांना मागे लाल कापड तरी बांधायला लावा हो. कारखान्यात तुमची ओळख असेलच.

ठिबकराव
सांगून ठेवलंय. आमच्या भागातल्या चार ट्रॅक्टरवाल्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या स्वतः नेऊन दिल्या. दोघांनी लावल्या. तिसऱ्याने त्या घराच्या फाटकाला लावल्यात, रात्री छान चमकतात म्हणाला.

फुलफेस_भक्त
जुनं बंद हेल्मेट काय केलंत?

ठिबकराव
ठेवलंय. रविवारी आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो, सासुरवाडीला. मध्ये थांबे दोनच, मग तेच घातलं. ह्यावेळी चष्म्याच्या काड्या सरळ असलेली फ्रेम करून घेतलीय, गालाच्या गादीतून सुळकन जाते.

फुलफेस_भक्त
माझं एवढंच म्हणणं होतं.

गारगोटीकर
पहिल्या ओळीतच म्हणाला होतास की भावा.

नवा_गडी
नमस्कार, मी इथे नवीन आहे. माझ्या हेल्मेटला पाच बटणं आहेत. काळी बबल बसेल का? आणि चरे काढायला टूथपेस्ट चालते असं ऐकलंय.

शंभरनंबरी
बाळा, बस इथे. सांगतो.